वगार आणि नाव

नंदानं पदराआड धरून आणलेलं बायबल सासूपुढं केलं, तशी पुतळाबाईनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

महादेवाच्या देवळापुढं पंच बसले होते. भूकंपानंतर वसवलेल्या या गावात लावलेले लिंब आता चांगली सावली देत होते. त्यातल्याच एकाला ती वगार बांधलेली होती. काळीभोर, अंगानं भरलेली, महिन्याभरात पहिल्यांदा व्यायची. भांडण तिचंच होतं.

शिवशरण अप्पांनी आपली म्हैस पुतळाबाईकडं सांभाळायला दिली होती. पहिलं रेडकू सांभाळणारीचं, म्हैस मालकाची, असा शब्द ठरला. असले करार इकडं तोंडीच होतात. बोलणं झालं तेव्हा अप्पांचा मुलगा वीरभद्र दारात मोटारसायकल पुसत उभा होता. पुढं अप्पा वारले. म्हैस त्यानं कधीच नेली होती, आता तिचं पहिलं रेडकू, ही वगारही, न्यायला आला. असा शब्द आपल्या कानावर आलाच नाही, म्हणाला.

नंदाचा नवरा अमृत ढोकीकडं ऊस तोडायला गेलेला. वगार राहिली तर दुधावर घर चालवून नंदा लेकरांपाशी राहणार होती. गेली तर पुढच्या सालापासून तिलाही कोयता घेऊन फडात उतरावं लागणार होतं, धाकट्याला पाठीशी बांधून.

गावची रीत जुनी. शब्दाला शब्द भिडला की देवावर सोडायचं. वीरभद्रनं पिंडीवरचा बेल उचलून सांगायचं, पुतळाबाईनं बायबल डोक्यावर घेऊन. जो कचरला तो खोटा.

"येशूची आण घेऊन एकदा बोला, पुतळाबाई," हरिबा पंच म्हणाला. "मग आमी हाव की."

"बोलते. पहिलं रेडकू अप्पांनी मला दिलं व्हतं. बोलले."

"आण घिऊन."

"न्हाय, हरिबाभाऊ. आण न्हाय."

लोकांत कुजबुज उठली. खरी असती तर म्हातारीची जीभ अडखळली असती का, असं कुणीतरी म्हणालं. कोंडाबाई पदराआडून म्हणाली, ह्यांचा देव मऊ आहे म्हणं, मग ह्या बाईला भ्या कशाचं वाटतंय? त्यावर चार बायका हसल्या.

नंदा सासूच्या कानाशी लागली. "आत्या, खोटं थोडंच बोलायचंय? खरंच हाय की. घ्या एकदा नाव."

पुतळाबाईनं तिच्याकडं नुसतं पाहिलं. ती नजर नंदाच्या ओळखीची होती. नवी नवरी असताना एकदा दूध उतू गेलं आणि तिच्या तोंडून 'अरे देवा' निघालं. सासू रागावली नाही. म्हणाली, हाक मारलीस, आता त्याच्याशी काय काम हाय ते सांग. नंदा पातेलं धरून तशीच उभी राहिली होती. पुतळाबाईच्या घरात पीठ मळता मळता कुणी नाव घेत नसे. हात धुवायचे, पदर डोक्यावर घ्यायचा, मग घ्यायचं.

"त्येचं नाव म्हंजी दावं न्हाय, पोरी," पुतळाबाई आता सगळ्यांदेखत म्हणाली. "जनावराच्या गळ्यात घालून घराकडं वढायला. माझं व्हय म्हंजी व्हय. तेवढ्यावर वगार मिळाली तर मिळाली."

"आन न्हाय मिळाली तर?" हरिबानं तंबाखू मळत विचारलं.

"तर गेली."

हरिबानं वीरभद्रला मानेनं खूण केली. वीरभद्र सकाळीच आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून आला होता. तो पायऱ्या चढून गाभाऱ्यात गेला. उंबऱ्याबाहेरून नंदाला त्याची वाकलेली पाठ आणि पिंडीकडं गेलेला हात दिसत होता. फडातलं उसाचं पाचट आताच आपल्या अंगाला कापत आहे, असं तिला वाटलं.

"वीरभद्रा," पुतळाबाईनं हाक मारली. "घिऊन जा वगार. म्या आडवत न्हाय. पर त्यो बेल उचलू नगंस, लेकरा. तुझ्या अप्पांनी जलमभर त्या नावानं कपाळ भरलं. वगारीपायी ते खाली आणू नगंस."

नंदानं सासूचा दंड घट्ट धरला. जिंकायची उरलीसुरली आशाही म्हातारीनं आपल्या हातानं देऊन टाकली होती.

आतली पाठ हलली नाही. हरिबाच्या तळहातावर तंबाखू तशीच राहिली. गाभाऱ्यातली समई तेवढी तडतडली.

वीरभद्र बाहेर आला तेव्हा त्याचा हात रिकामा होता. तो कुणाकडं न बघता सरळ लिंबापाशी गेला आणि दाव्याची गाठ सोडू लागला. नंदानं डोळे मिटून घेतले.

दाव्याचं टोक तिच्या हातात आलं.

"मावशी," वीरभद्र जमिनीकडं बघत म्हणाला, "व्याली की खरवस तेवढा धाडा. अप्पांना लई आवडायचा."

"पयला तुज्याच घरी," पुतळाबाई म्हणाली.

वगार मधल्या रस्त्यानं चालली आणि दारादारांतून माणसं बाहेर आली. कोंडाबाई तांब्या घेऊन धावत पुढं आली, वगारीच्या खुरांवर पाणी ओतलं आणि मागं सरत बाजूला झाली. पुतळाबाई ताठ मानेनं चालत होती. इतकी ताठ नंदानं तिला कधी पाहिली नव्हती.

दारात पोचल्यावर वगारीनं अंग झाडलं, गोठ्याकडं पाहिलं आणि आपल्या पायांनी आत गेली. नंदाचा ऊर भरून आला.

"अरे दे..."

ती थांबली. दावं खुंट्याला नीट बांधलं. रांजणातलं पाणी घेऊन दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले, पुसले. डोक्यावर पदर घेतला. सासू उंबऱ्यावर बसून तिच्याकडं बघत होती.

मग नंदानं नाव घेतलं, मोठ्यानं, पार देवळापर्यंत ऐकू जाईल असं.