वरच्या चौकीची हजेरी

रोज सकाळी दहाच्या ठोक्याला हजेरीबाई बिनतारी संचाचं बटण दाबायची आणि सात कार्यालयांची नावं घ्यायची. खरं नाव पगारपत्रकात होतं, पण नियंत्रण कक्षात तिला सगळे हजेरीबाईच म्हणत. पोलीस, अग्निशमन, पाटबंधारे, रुग्णालय, वीज, नगरपालिका आणि शेवटी नदीच्या वरच्या अंगाची चौकी. पहिले सहा जण ‘हजर’ म्हणायचे तेही तिच्यावर उपकार केल्यासारखे, आणि आपलं झालं की लगेच संचाचा आवाज बारीक करून चहाला जायचे. सातवा मात्र आधी खोकायचा, मग सावकाश म्हणायचा, “वरची चौकी हजर. पाणी चार फूट. बाकी ठीक.”

तीन वर्षांपूर्वी बदली होऊन आल्यापासून ती हा आवाज ऐकत होती. माणूस कधी पाहिला नव्हता. मनातल्या मनात ती त्याला काका म्हणायची, आणि सहा जणांच्या गुर्मीनंतर त्याचा खोकलासुद्धा तिला बरा वाटायचा.

मग कक्षाच्या साहेबांच्या डोक्यात आलं, की सातही कार्यालयांनी एकदा एकत्र बसावं. इतकी वर्षं सहकार्य कागदावर जोरात चाललं होतं, पण कोणी कोणाचं तोंड पाहिलं नव्हतं. हजेरीबाईने सात खुर्च्या मांडल्या. सातवी रिकामीच राहिली. वरच्या चौकीचा माणूस कोणाचा, असं तिने विचारलं. पाटबंधारेवाले म्हणाले, चौकी नगरपालिकेची. नगरपालिकेने पोलिसांकडे बोट दाखवलं. पोलिसांचा तंत्रज्ञ जरा गोंधळला आणि म्हणाला, “ती चौकी तीन वर्षांपूर्वीच्या पुरात रखवालदारासकट वाहून गेली. तिचा संच गाळातून काढला, तो आमच्या भांडारात पडलाय.”

मी रोज त्याला ऐकते, असं हजेरीबाई म्हणाली, तर दुसरी कुठली तरी लाइन मिसळत असेल म्हणून सगळ्यांनी विषय मिटवला. फक्त अग्निशमनचे अधिकारी टेबलाकडे बघत राहिले. जे कार्यालयच नाही ते यादीत नको, असं साहेबांनी फर्मावलं आणि तिने पट्टी धरून सातव्या नावावर लाल रेघ मारली. असं करताना तिला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सहा नावं झाली. ती वही मिटणार, तोच कोणीतरी खोकलं.

“वरची चौकी हजर. पाणी अकरा फूट, चढतंय. माझं नाव खोडलंस, हरकत नाही पोरी. पण पाणी लिहून घे.”

तिने वहीत अकरा लिहिलं. खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं. पुलाखालच्या वस्तीत हजारभर माणसं होती, आणि तिथल्याच बालवाडीत तिची चार वर्षांची लेक. बालवाडीचा फोन नुसताच वाजत राहिला. वस्तीला सावध करणाऱ्या भोंग्याला दोन किल्ल्या. एक तिच्याकडे, दुसरी अग्निशमन केंद्रात, कोणा एकाने उगाच घाई करू नये म्हणून. पाटबंधारेवाले म्हणाले, पुलाजवळ चारच फूट दिसतंय. नगरपालिकेने लेखी मागितलं. तिने त्यांच्या कानावर फोन आदळला आणि अग्निशमनच्या अधिकाऱ्यांना लावला.

“कोणी सांगितलं?” त्यांनी विचारलं.

“वरच्या चौकीने.”

ते हसतील असं तिला वाटलं. पण ते हसले नाहीत.

“तीन वर्षांपूर्वी पूर आला त्या दिवशी तुमच्या कक्षाचा ताबा जिल्ह्याकडून शहराकडे जायचा होता,” ते म्हणाले. “आम्ही सगळे शेजारच्या खोलीत सह्या करत होतो. जिल्ह्याला वाटलं संचावर शहराचा माणूस बसलाय, शहराला वाटलं जिल्ह्याचा. चौकीवरून तो हाका मारत होता. मी ऐकलं, बाई. म्हटलं, घेईल कोणीतरी. आता रोज त्याचं नाव यायच्या आत मी संच बंद करतो.”

“साहेब, किल्ली फिरवा,” ती म्हणाली.

दोन्ही किल्ल्या फिरल्या, भोंगा वाजला आणि एरवी पत्राशिवाय न हलणारी माणसं हलली. पोलिसांनी रस्ता मोकळा केला, नगरपालिकेच्या गाड्या वस्तीत शिरल्या, विजेवाल्यांनी वस्तीची लाइन बंद केली. पाऊण तासाने पुलावरून तांबडं पाणी गेलं. वस्तीत तेव्हा एकही माणूस नव्हता. हजेरीबाईची लेक अग्निशमनच्या गाडीत बसली होती, पायात एकच चप्पल.

दुसऱ्या दिवशी दहाला सातवं नाव वहीत शाईने पुन्हा लिहिलेलं होतं. सहा जण ‘हजर’ म्हणाले, आणि आज कोणीच आवाज बारीक केला नाही.

“वरची चौकी?” तिने विचारलं.

खरखर झाली. मग खोकला.

“हजर. पाणी उतरतंय.” तो पुढे म्हणाला, “आता तुझी हजेरी. नियंत्रण कक्ष?”

तीन वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी हे त्याने किती वेळा विचारलं असेल, या विचाराने तिचे डोळे भरून आले. तिने बटण दाबलं.

“हजर, काका.”

पलीकडे कोणीतरी खूप वेळ धरलेला श्वास सोडला. त्यानंतर संचातून फक्त वाहत्या पाण्याचा आवाज येत राहिला, आणि तो कक्षासकट सातही ठिकाणी ऐकू गेला.