एकही मॅच न जिंकलेला संघ

प्रबोधने गार्गीच्या हातातला ग्लव्ह काढला, पुन्हा नीट चढवला आणि मनगटाचा पट्टा ओढून बसवला.

"घट्ट होतोय, बाबा."

"होऊ दे. तुला उभी करतोय तिकडे बॉल फारसा येतच नाही."

"मग घालू कशाला?"

प्रबोध ज्या विद्यापीठाच्या बेसबॉल क्लबचा कोच होता, तिथेच गार्गी दुसऱ्या वर्षाला होती आणि बेसबॉल आयुष्यात पहिल्यांदा खेळत होती. संघातला नववा मुलगा आयत्या वेळी इंटर्नशिपच्या इंटरव्ह्यूला पळाला. नऊ जण उभे राहिले नाहीत तर मॅच न खेळताच हरायची, आणि ही तर क्लबची शेवटची मॅच. म्हणून काल संध्याकाळी बाप पोरीच्या अक्षरशः हातापाया पडला होता.

शेवटची म्हणजे अगदी शेवटची. मैदानावर नवीन हॉस्टेल होणार होतं. प्रबोधने अर्ज केले, मीटिंगा केल्या, जुन्या खेळाडूंच्या सह्या गोळा केल्या. विद्यापीठातले सगळे गोड बोलले आणि क्लब बंद करून मोकळे झाले.

हा क्लब काढला होता विद्यापीठात शिकायला आलेल्या जपानी आणि तैवानी मुलांनी. प्रबोध त्या वेळी नुकताच पुण्याहून परदेशी, इथे मास्टर्स करायला आलेला. शाळेत सॉफ्टबॉल खेळलेला, म्हणून त्यांनी त्याला घेतलं. मुलं शिकून आपापल्या देशी गेली, प्रबोधला त्याच शहरात, बुओना व्हिस्टा भागात नोकरी लागली, आणि तो कोच म्हणून चिकटला तो चिकटलाच. फुकटात. दर शनिवारी तो पिशवी खांद्याला मारून निघाला की त्याची बायको अरुणा म्हणायची, "यापेक्षा सवत परवडली असती."

इतक्या वर्षांत विद्यापीठांच्या स्पर्धेत या संघाने एकही मॅच जिंकली नव्हती. एकदा चांगले पुढे होते, तर वीज पडण्याचा इशारा देणारा भोंगा वाजला आणि सगळ्यांना मैदानाबाहेर काढलं. परत आले ते हरायलाच.

कॅप्टन वेई जिए क्लबचा इतिहास लिहीत होता, वेबसाइटवर टाकायला. मॅचआधी त्याने इंग्रजीत विचारलं, "कोच, 'विजय' म्हणून मथळा दिलाय. त्याखाली काय लिहू?"

"मॅच संपेपर्यंत थांब," प्रबोध म्हणाला. म्हणाला खरा, पण त्याला स्वतःलाही आशा नव्हती.

आणि नेमकी त्याच दिवशी मॅच रंगली. समोरच्यांनी यांना मोजलंच नव्हतं, निम्मा संघ नवखा आणलेला. शेवटच्या इनिंगला गुण बरोबरीत, बॅटिंग यांची. तिसऱ्या बेसवर वेई जिए, दोन बाद, आणि बॅट हातात घेऊन गार्गी. तिने बॉल मारून, बॉल पोचायच्या आत पहिला बेस गाठला की वेई जिएची धाव धरली जाणार. मॅच खिशात.

प्रबोध तिसऱ्या बेसपाशी, कोचच्या जागेवर उभा होता.

गार्गीने बॅट फिरवली. बॉल लागला आणि सरपटत सरळ एका फील्डरकडे निघाला.

बेसबॉलमध्ये बॉल असा मैदानात गेला की पळायचं. बॉल कुठे गेला, पोचू की नाही, हा विचारच करायचा नाही. दरवर्षी नवीन मुलांच्या डोक्यात प्रबोध हे एकच ठोकून ठोकून बसवायचा. भारतातून आलेली मुलं हटकून बॉल मारून बघत उभी राहायची, क्रिकेट अंगात मुरलेलं ना. तो त्यांची टिंगल करायचा. पण गार्गीशी तो कधी बेसबॉल खेळला नव्हता. ती एवढीशी होती तेव्हापासून दर रविवारी कॉन्डोच्या, म्हणजे त्यांच्या इमारतीच्या खाली दोघं शेजारच्या मुलांबरोबर क्रिकेट खेळायचे. ती मारायची, समोरच्या टोकाला तो. बॉल फील्डरकडे गेला की तो "नको!" ओरडायचा आणि ती जागच्या जागी थांबायची.

"नको!" प्रबोध हात वर करून ओरडला.

गार्गी थांबली. दोन पावलं निघाली होती ती वळली आणि तिने बॅट मागे जमिनीला टेकवली.

तिकडे फील्डरच्या हातून बॉल निसटला. दोन उड्या मारून लांब गेला. फील्डर धडपडत गेला, बॉल उचलला, पाहतो तर गार्गी पळतच नाहीये. त्याने निवांत पहिल्या बेसकडे बॉल टाकला. गार्गी बाद. तिसरी बाद, म्हणून इनिंग बरोबरीतच संपली.

जादा इनिंगमध्ये समोरच्यांनी तीन धावा काढल्या. यांना एकही जमली नाही. संपलं.

वेई जिए धापा टाकत प्रबोधजवळ आला. चिडलेला नव्हता, गोंधळलेला होता.

"कोच, तुम्ही तिला काय ओरडून सांगितलंत?"

त्या मैदानावर मराठी कळणारी दोनच माणसं होती. प्रबोधने टोपी काढली, कपाळ पुसलं.

"पळ म्हणालो," तो म्हणाला.

गार्गी दोन हातांच्या अंतरावर बसून बुटाची नाडी सोडत होती. तिने ऐकलं. मान वर केली नाही.

"सॉरी," ती इथल्या मुलांच्या ढंगात म्हणाली. "आय फ्रोझ लाह."

"होतं असं," म्हणत वेई जिएने तिच्या खांद्यावर थोपटलं.

प्रबोधला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता सांगू, असं त्याने मनाशी म्हटलं. तेवढ्यात मुलांनी फोटोसाठी हाका मारल्या, कोच मध्ये हवेत म्हणून ओढून नेलं. तो मध्ये उभा राहिला. सगळ्यांबरोबर हसलासुद्धा.

बसस्टॉपवर दोघं शेजारी बसले. मग गार्गीचा फोन वाजला.

"हरलो, आई," ती म्हणाली. "माझ्यामुळे. पळायचं होतं, मी पळलेच नाही. नाही गं, रडत नाहीये. थांब, बाबाला देते."

प्रबोधने फोन कानाला लावला.

"हे बघ," अरुणा म्हणाली, "पोरीचा आवाज ऐकलास ना? तुझ्यासाठी गेली होती ती तिथे. चुकली असेल, चुकू दे. घरी येईपर्यंत तिला एक अक्षर बोलू नकोस."

अरुणाचा आवाज मोठा होता, गार्गीला सगळं ऐकू येत होतं. ती समोर रस्त्याकडे बघत बसली होती.

"नाही बोलत," प्रबोध म्हणाला.