जखम भरण्याचा मंत्र कुठल्या खणात?

मित्रांनो, आठ खणांची एक जुनी लाकडी पेटी म्हणजे मी. एका सुतारबाबांनी आपल्या दोन लेकींसाठी मला घडवलं. थोरली नर्स, धाकटी घरीच शिवणकाम करणारी. दोघींना एका खेळाचं भारी वेड. टेबलाभोवती बसायचं, आपण कुणी योद्धा नाहीतर जादूगार आहोत असं धरायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची.

त्या खेळात मंत्र शेकड्यांनी, आणि प्रत्येकाची विद्या ठरलेली. वार अडवणारा मंत्र रक्षणविद्येचा, आग फेकणारा ऊर्जाविद्येचा, नसलेली भिंत दाखवणारा आभासविद्येचा, मढी उठवणारा मृत्युविद्येचा. अशा आठ विद्या, म्हणून माझे आठ खण. मृत्युविद्येचा तेवढा काळा रंगवलेला. एकेका मंत्राचं कार्ड दोघींनी हाताने लिहिलं. दर रविवारी मैत्रिणी जमायच्या, माझं कौतुक करायच्या आणि मी मनातल्या मनात फुगायचे.

घोळ झाला तो एकाच कार्डाचा, 'जखम भरणे'. "हा रक्षणाचाच," धाकटी म्हणायची. "छे गं, हा ऊर्जेचा," थोरली म्हणायची. कार्ड आज या खणात, उद्या त्या. मग एकदा थोरली दवाखान्यातून दमून आली, कार्डामागे काहीतरी लिहिलं आणि ते काळ्या खणात ठेवून दिलं. धाकटीला सांगायचं मात्र राहून गेलं.

त्यांचा घरचा एक नियम होता. वाळूच्या घड्याळातली वाळू संपायच्या आत कार्ड टेबलावर आलं, तरच मंत्र लागू. त्या रविवारी धाकटीची वैद्यीण घायाळ झाली. सहा वर्षं जपलेलं पात्र ते! धाकटीने रक्षणाचा खण उपसला, ऊर्जेचा उपसला. काळ्या खणाकडे ती वळलीसुद्धा नाही, मरणाच्या खणात औषध कोण शोधेल? वाळू संपली. वैद्यीण गेली. थोरली ड्यूटीवरून दारात पोचली ती नेमकी तेव्हाच.

"ताई, तू मुद्दाम लपवलंस!"

"मी? लपवलं?" थोरलीचा चेहरा उतरला. "मग शोध तूच." तिने पिशवी उचलली आणि ती निघून गेली.

मी जीव तोडून सांगत होते, अगं, काळ्या खणात बघ! पण लाकडाला कुठली वाचा?

नऊ वर्षं मी कपाटावर धूळ खात पडले. फार एकटं वाटायचं हो. फोन वाजायचा, धाकटी ताईचं नाव बघायची आणि तो तसाच वाजू द्यायची. पुढे पुढे तो वाजेनासाच झाला.

गेल्या महिन्यात तिने मला खाली उतरवलं, बटणं ठेवायला. सात खण रिकामे केले. आठव्यातून ते कार्ड निघालं. मागे थोरलीचं अक्षर होतं: 'माणूस मरणाच्या दारात असतो, तिथेच हा लागतो. म्हणून इथे.'

धाकटीने ते दोनदा वाचलं. मग तिने ताईला फोन लावून तो टेबलावर ठेवला, म्हणून मलाही सगळं ऐकू आलं.

"ताई, ते कार्ड काळ्या खणात होतं."

"मला ठाऊक होतं गं. तू एकदा विचारायचंस."

"आणि तू एकदा सांगायचंस."

धाकटीने कार्ड फोनशेजारी ठेवलं.

"रविवारी येतेस?"

"ड्यूटी असते. बघते."

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण एखादी गोष्ट तुमच्या खणात सापडली नाही, तर चोरीचा आळ घेण्याआधी समोरच्याला विचारा, तू कुठे ठेवलीस? आणि ठेवणाऱ्यानेही रुसून बसू नये.

बटणं परत पिशवीत गेली. ते कार्ड टेबलावरच आहे, त्याचा खण ताई आल्यावर ठरायचा आहे. तीन रविवार होऊन गेले. धाकटी अजून माझं झाकण लावत नाही.