चिपवरचा कागद

माझा थोरला भाऊ हरी याने खालापूरजवळच्या आपल्या रिसॉर्टमध्ये जुन्या टीव्ही-गेमचे दालन उघडायचे ठरवले, आणि त्यातली मुख्य वस्तू साफसफाईसाठी कर्जतला माझ्याकडे आणली. पिवळे पडलेले एक कार्ट्रिज. आत सर्किटची पट्टी आणि तिच्यावर दोन चिप. एकीत खेळाचे नियम, दुसरीत चित्रे.

पट्टी तपकिरी होती, कारण ती कारखान्यातली नव्हती. तंत्रनिकेतनातून पदविका घेतल्यावर मी ती घरी, मोरीत बसून केली होती. त्या चिपमधला खेळही माझाच. माथेरानची छोटी गाडी डोंगर चढते. वॉटर पाइप स्थानकाच्या वळणावर रुळात घोडा उभा राहतो. शिट्टी वाजवली तर तो हटत नाही, थांबलात तर आपणहून बाजूला होतो. दादा त्याला आजही खेळातली चूक समजतो.

दादा तो खेळ मुंबईच्या प्रदर्शनात घेऊन गेला आणि परतला तेव्हा वर्तमानपत्रात त्याचा फोटो होता. रचनाकार म्हणून. "अगं, घरातलंच आहे. तुझं काय नि माझं काय," असे तो म्हणाला होता. त्या फोटोवर त्याला नोकरी मिळाली, पुढे स्वतःची कंपनी झाली, त्याहीपुढे रिसॉर्ट. मी तंत्रनिकेतनाची प्रयोगशाळा सांभाळून निवृत्त झाले. माझ्याकडच्या फ्लॉपीला बुरशी लागली. खेळ उरला होता तो फक्त या दोन चिपमध्ये.

"हे कागद कसले गं?" माझ्या खांद्यावरून वाकून दादाने विचारले.

दोन्ही चिपवर चंदेरी कागद चिकटवलेले होते. त्यांवर मी बॉलपेनने माझे नाव लिहिले होते : ‘रचना – उमा’. मला ते चष्म्याशिवाय वाचता आले, त्यालाही आले.

"काढून टाक. कार्ट्रिजला पारदर्शक डबी करतोय, आतलं सगळं दिसलं पाहिजे. हे कळकट दिसतं."

"कागद असू दे, दादा."

"तुझं हे नेहमीचं. किती वर्षं तेच उगाळणार आहेस? काढ म्हणतो ना."

"तू सांगतोस म्हणून काढते."

"हो, मीच सांगतोय."

या जातीच्या चिपच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी असते. तिच्यातून अतिनील प्रकाश आत गेला, की चिपमध्ये लिहिलेले पुसले जाते. नवे लिहिता यावे म्हणून तशी सोयच केलेली असते. लिहिलेले टिकवायचे असेल तर खिडकी झाकावी लागते. कागद त्यासाठी होते. मी ते स्पिरिटने भिजवून सोलून काढले. घरातल्या दिव्याने चिपला काही होत नाही. कार्ट्रिज जोडून पाहिले. गाडी सुरळीत चढली, घोडा थांबला, हटला.

दुसऱ्या दिवशी मी ते पोचवायला गेले. दादाचा मुलगा गंधार याने मला दालन दाखवले. कोपऱ्यात एक पेटी होती. महामारीच्या काळात मास्क आणि मोबाइल निर्जंतुक करायला घेतलेली.

"आत्या, इथल्या पावसाळ्यात बुरशी काही सोडत नाही. दालन बंद करताना सगळी कार्ट्रिजं मी यात ठेवतो. फंगस खल्लास!"

"डबीसकट?"

"छे, उघडून. पट्टीवर नीट प्रकाश पडायला नको?"

त्याने दिवा लावून दाखवला. निळसर जांभळा. चिप पुसायला प्रयोगशाळेत आम्ही असाच दिवा वापरत असू. त्याला सांगायला एक वाक्य पुरले असते. ते माझ्या तोंडात कर्ता, कर्म, क्रियापदासह तयार होते.

"छान केलंस," मी म्हणाले आणि चहा घेतला.

आत माझाच खेळ होता, हे मी विसरले नव्हते. पण कागद निघाल्यावर माझा म्हणून तो कुठेच उरला नव्हता, आणि दादाचा म्हणून मी तो उरू देणार नव्हते.

उद्घाटनाला पार मुंबईपासून पाहुणे आले होते. दादाने भाषणात आपल्याला तो घोडा कसा सुचला, तेही सांगितले. मग रिसॉर्टवर काम करणाऱ्या दशरथने कार्ट्रिज खोचून बटण दाबले.

"सायेब, नुसता राखाडी पडदा हाय. काय बी येत नाय."

"काढून फुंकर मार रं!" दादा म्हणाला.

"मारली. आता बी राखाडीच."

मागून कोणीतरी म्हणाले, "बोगद्यात असेल गाडी." लोक हसले. दादा घाम पुसत माझ्याजवळ आला.

"उमा, काय केलंस?"

"तू सांगितलंस ते. कागद काढले. बाकी तुमच्या पेटीने केलं."

त्याला ते समजायला वेळ लागला. मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "तुझ्याकडे प्रत असेल. तू चिठोरंसुद्धा टाकत नाहीस."

"रचना तुझी. माझ्याकडे प्रत कुठून येणार?"

"लोक बसलेत गं!"

"म्हणून तर. खेळ कोणाचा ते त्यांना सांग. प्रतीचं मग बोलू."

त्याने माझ्याकडे पाहिले, गंधारकडे पाहिले, आणि माइक हातात घेतला. खेळ माझ्या बहिणीने, उमाने केला, पट्टीसुद्धा तिनेच केली, माझा त्यात हात नव्हता, असे तो बोलला. एकदा आवाज बसला, तेव्हा मी हाताने खूण केली; शेवटचे वाक्य त्याने पुन्हा, मोठ्याने म्हटले. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. गंधार बापाकडे बघत उभा राहिला.

दादा परत आला. "झालं समाधान? दे आता."

"प्रत नाही, दादा. फ्लॉपी केव्हाच गेली."

"मग हे सगळं माझ्याकडून कशाला वदवलंस?"

"ऐकायचं होतं."

तो खुर्चीत बसला. मला वाईट वाटेल, असा माझा अंदाज होता. वाटले नाही.

दशरथ येऊन म्हणाला, "बाई, टीव्ही बंद करू का?"

"राहू दे रे," मी म्हणाले. "एवढ्या लांबून आलेत लोक. बघू देत."