गढूळ पाण्यातलं गिऱ्हाईक

गावच्या अग्निशमन दलाला नवे पाइप घ्यायचे होते, म्हणून फेब्रुवारीत त्यांनी सोडत काढली. पहिलं बक्षीस फ्रीजरभर हरणाचं मांस, दुसरं हातानं शिवलेली रजई, आणि तिसरं म्हणजे लामार टीगच्या होडीतून दोन माणसांना दिवसभर बास मासे गरवायची सफर. तिसरं बक्षीस लामारच्या आईलाच लागलं.

सगळं सभागृह हसलं. मागून कुणीतरी ओरडलं, "नेल्डा, घरचं परत घरातच गेलं की!" नेल्डा हसली नाही. तिला रजई हवी होती.

नेल्डा टीगनं चौतीस वर्षं मोज्यांच्या कारखान्यात काढली होती. तिच्या लेखी काम म्हणजे भोंगा, यंत्र आणि संध्याकाळी दुखणारी पाठ. लामारला टायरच्या कारखान्यात चांगली कायमची नोकरी होती. आठ वर्षांनी ती सोडून त्यानं होडी घेतली आणि तो लोकांना कूसा नदीवर मासे कुठं लागतात ते दाखवत फिरायला लागला. त्याला आता अकरा वर्षं झाली होती. या अकरा वर्षांत नेल्डानं त्या होडीत पाय ठेवला नव्हता. लेक काय करतो असं कुणी विचारलं, की ती म्हणायची, "नदीवर असतो," आणि लगेच विषय बदलायची.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तीन दिवस पाऊस कोसळला. सफरीच्या आदल्या दिवशी लामारचा फोन आला.

"आई, नदी पार विटेच्या रंगाची झालीय. पुढच्या आठवड्यात जाऊ या?"

"दुसऱ्या गिऱ्हाइकाला हेच सांगतोस?"

"नाही. त्यांना म्हणतो, खुशाल या."

"मग मी येणार. आणि माझ्याबरोबर वायनेल आहे."

पलीकडून मोठा उसासा ऐकू आला. वायनेल कोफील्ड कारखान्यात नेल्डाची मुकादम होती. तिचा मुलगा बर्मिंगहॅमला दातांचा डॉक्टर होता, आणि ही गोष्ट वायनेल भेटेल त्याला, भेटेल तेव्हा सांगायची. सफरीला येऊ का, असं तिनं आपणहून विचारलं होतं. नाही म्हणायला नेल्डाला वेळेवर कारण सुचलं नव्हतं.

सकाळी सहाला दोघी होड्या पाण्यात सोडायच्या उतारावर पोचल्या. काठाला डॉगवूडचं झाड पांढरंशुभ्र फुललं होतं आणि त्याच्याखालून तांबडी नदी झाडांच्या फांद्या घेऊन धावत होती. वायनेल म्हणाली, "हे काय गं, यात मासा स्वतःला तरी दिसतो का?"

लामारनं दोघींना तरंगती जाकिटं चढवली, पट्टे ओढून पाहिले. "मिस वायनेल, तुम्ही पुढे. आई, तू... मॅडम, तुम्ही मधे बसा."

"मॅडम कोणाला म्हणतोस रे?"

"होडीत सगळेच गिऱ्हाईक, आई. बस."

पहिले दोन तास काही म्हणजे काही लागलं नाही. लामार जागा बदलत राहिला, पाण्यात हात घालून पाहत राहिला. वायनेलनं सॉसेज घातलेली पावासारखी बिस्किटं संपवली आणि थर्मासमधला गोड चहाही. मग तिची जीभ सैल सुटली.

"आमच्या डेनिसच्या दवाखान्यात कसं, माणूस खुर्चीत बसला की काम झालंच म्हणून समजा. इथं बाई नशिबावरच सगळं."

नेल्डाला अंगावर पाणी ओतल्यासारखं झालं. "पाऊस फार झाला ना," ती घाईघाईनं म्हणाली. "आणि त्याला कालपासून सर्दी आहे."

"मला सर्दी नाही," लामार पुढे बघतच म्हणाला. "आणि नशिबाचाही काही संबंध नाही. धरून बसा."

त्यानं होडी वळवली आणि मैलभर वर एका ओढ्याच्या तोंडाशी नेली. ओढा जंगलातून, खडकावरून येत होता. तांबड्या नदीला तो मिळत होता तिथं कडेकडेनं हिरवट पाण्याचा पट्टा दिसत होता, जेमतेम होडीच्या रुंदीचा.

"तो पट्टा बघा. एवढ्या ओढीत मासा मधे उभा राहत नाही, दमतो. काठाला, मुळांच्या आड चिकटून राहतो. त्याला दिसत नाही, पण पाणी हललेलं कळतं. म्हणून आमिष मोठं, काळं, थरथरणारं. मुळांना खेटून टाकायचं आणि सावकाश आणायचं. गळाच्या तंगुसावर बोट ठेवा. जे काय कळायचं ते बोटालाच कळणार."

नेल्डानं बोट ठेवलं. चौथ्या फेकीला तिला काहीतरी जाणवलं. ओढ नव्हती, उलट तंगूस क्षणभर हलका झाला. कारखान्यात यंत्राची सुई टाका चुकवायची तेव्हा धागा असाच बोटाखाली ढिला पडायचा. चौतीस वर्षं ती तो ढिलेपणा डोळे मिटूनही ओळखत आली होती.

"लामार, मला वाटतं काहीतरी..."

तेवढ्यात गेलं.

"मॅडम, बोलायचं नंतर. आधी ओढायचं."

वायनेल खुसखुसली. नेल्डाचे कान तापले. पोटच्या पोरानं चारचौघांत असं सुनवावं! उलट बोलायला तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. नव्या बाईला यंत्रावर उभं करताना ती स्वतः याच आवाजात बोलायची. काम पुरतं हातात बसलेल्या माणसाचा आवाज होता तो. आपल्या लेकाच्या तोंडून तो तिनं पहिल्यांदाच ऐकला.

पुन्हा तंगूस हलका झाला तेव्हा ती एक अक्षर बोलली नाही. तिनं मनगट उचललं आणि गळाची काठी कमानीसारखी वाकली.

"बरोब्बर! रीळ फिरवू नका, त्याला पळू द्या. आता फिरवा. टोक खाली, मुळांपासून लांब. असं!"

काठी तो तिच्या हातून घेईल असं तिला वाटलं होतं. त्यानं काठीला बोटही लावलं नाही. जाळं घेऊन नुसता वाकून उभा राहिला. शेवटी मासा वर आला, चांगला तीन पौंडी, हिरवा, अंगावर काळे डाग. नेल्डा एखाद्या मुलीसारखी हसत होती.

तासाभरात आणखी चार लागले. सर्वांत मोठी मादी मात्र वायनेलला लागली, अंड्यांनी टच्च भरलेली, पाच पौंडांना जरा कमी. लामारनं फोटो काढला आणि मादीला अलगद पाण्यात धरून सोडून दिलं.

"सोडलीस?" वायनेल किंचाळली. "अरे, तळली असती मी!"

"तिची पिल्लं तुमच्या नातवांना गरवायला हवीत ना, मिस वायनेल."

तेवढ्यात खालून एक होडी आली. होडीत म्हातारा हॉइट होता. लामार रांगत होता तेव्हापासून या नदीवर गाइडचं काम करणारा. त्याच्याबरोबरची दोन माणसं पडेल चेहऱ्यानं बसली होती. हॉइटनं इंजिन मंद केलं, टोपी काढली.

"लामार, सकाळपासून एक नाही लागला. कुठं आहेत रे?"

"यापुढचा ओढा, हॉइटकाका. डाव्या हाताला, पडलेल्या झाडामागं. तिथं पाणी याहून निवळ असेल. काळंच लावा."

हॉइटनं मान डोलावली आणि गेला.

"सांगून टाकलंस?" नेल्डा पुटपुटली. "आपली जागा?"

"त्याची माणसं लांबून आलीत, आई. रिकाम्या हातानं गेली तर नदीला नावं ठेवतील."

वायनेल लांब जाणाऱ्या होडीकडे बघत होती. ती म्हणाली, "नेल्डा, हॉइट कुणाला काही विचारताना मी जन्मात पाहिला नाही. तुझ्या पोराला हे शिकवलं तरी कुणी?"

नवऱ्याचं नाव नेल्डाच्या ओठांवर आलं होतं. पण तो बिचारा गुडघाभर पाण्यालाही भ्यायचा.

"कुणी नाही," ती म्हणाली. "एकट्यानं शिकला. मी तर नको नको म्हणत होते." एवढं बोलून तिनं मान वळवली आणि उगाच तंगूस गुंडाळला.

दुपारी उतारावर लामार होडी धूत होता. दोन्ही हात चिखलानं माखलेले. आसनावर ठेवलेला त्याचा फोन वाजायला लागला.

"आई, बघ गं जरा."

नेल्डानं फोन कानाला लावला. अटलांटाहून कुणी गृहस्थ बोलत होते. शनिवारची सफर ठरली होती, पण नदी गढूळ झाल्याचं ऐकलं, तेव्हा रद्द करावी म्हणतो.

"रद्द?" नेल्डा ताठ उभी राहिली. "अहो, मी आत्ता त्याच होडीतून उतरतेय. गढूळ पाण्यात मासा कुठं असतो ते आख्ख्या नदीवर एका माणसाला ठाऊक आहे, आणि तुमची सफर त्याच्याकडेच आहे. जुने जुने गाइडसुद्धा त्याला विचारायला येतात. शनिवारी सहाला हजर राहा. आणि तो सांगेल तसं करा. मधे बोलू नका."

पलीकडून काहीतरी प्रश्न आला.

"मी?" नेल्डानं होडीकडे पाहिलं. लामार नळी हातात धरून तिच्याकडे बघत उभा होता आणि पाणी त्याच्याच बुटांवर सांडत होतं. "मी लामार टीगची आई."