रंगनाथ यांच्याशिवाय रोडगे

"या रविवारी रोडग्यांना जाऊ," द्वारकाबाई जेवता जेवता म्हणाल्या आणि नम्रता त्यांच्याकडे बघतच राहिली. बाबा, रंगनाथ, श्रावणात वारले होते. अजून वर्षही फिरलं नव्हतं. धाकट्या शुभंकरने लोक काय म्हणतील असं विचारून पाहिलं. लोकांना बोलावलंच नाहीये, असं आईचं उत्तर आलं.

रंगनाथ वर्ध्याहून नोकरीसाठी पुण्यात आले, मांजरीला घर बांधलं, पण थंडीत रोडगे झाल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. दर जानेवारीत सगळ्यांना घेऊन ते लोणी काळभोरला मित्राच्या, संभाजीच्या, रानात जात. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजत. त्या दिवशी विस्तवाजवळ दुसऱ्या कुणाची ढवळाढवळ त्यांना खपत नसे.

रविवारी नम्रताने बाबांची जुनी व्हॅन काढली. लायसन्स नवंकोरं होतं. सोलापूर रस्त्यावर एका ट्रकला तिने मागे टाकलं तेव्हा शुभंकरने टाळ्या वाजवल्या. आईने मांडीवरचं कणकेचं पातेलं घट्ट धरलं आणि हळू चालव असं काही म्हटलं नाही.

संभाजी बांधावरच उभे होते. "वाट बघत हुतो, वैनी. जागा झाडून ठिवली हाय."

दोघा भावंडांनी मोठ्या उत्साहाने गोवऱ्या रचल्या. नुसता धूर. फुंकून फुंकून शुभंकरचे डोळे लाल झाले, नम्रताच्या केसांत राख गेली. शेवटी आईने पदर खोचला, सगळा ढीग मोडला, गोवऱ्या एकमेकींना टेकवून उभ्या केल्या आणि मधे वारा जाईल इतकी फट ठेवली. काडी लावली. बघता बघता जाळ कमरेएवढा वर आला.

नम्रता थक्क झाली. हे तुला कसं येतं, असं तिने विचारलं.

आई हसू दाबत होती. "तुझ्या बाबांना कोणी शिकवलं मग? लग्नाच्या वर्षी त्यांनी सगळ्या रोडग्यांचे कोळसे केले होते. मी दाखवलं. मुलं झाल्यावर म्हणाले, पोरांना सांगू नकोस, तेवढा मान राहू दे."

शुभंकर तिथेच बांधावर बसून पोट धरून हसला. हसता हसता नम्रताच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसत ती पुन्हा हसली. विस्तवापाशी ऐटीत बसलेले, कुणालाही जवळ येऊ न देणारे बाबा तिला आता फारच लाडके वाटले.

निखारे पडले तसे आईने गोळे त्यात पुरले. कधी उलटायचे, गोळा फुटल्याचा आवाज कसा ओळखायचा, हे ती दोघांना करायला लावून शिकवत होती. शुभंकरने घाईने एक गोळा उचलला, चटका बसला, त्याने तो नम्रताकडे उडवला, तिने ओढणीत झेलला.

राख झटकून रोडगा मोडला. आतले पदर मोकळे, वाफाळते. तुपाची धार, वांग्याची झणझणीत भाजी. आईने पहिला तुकडा विस्तवाला वाहिला, दुसरा स्वतः खाल्ला. सगळे तिच्याकडे बघत होते.

"त्यांच्यापेक्षा बरे झालेत," ती म्हणाली.

संभाजींनी मान डोलावली आणि आपल्या घरच्या सगळ्यांना जेवायला बोलावून आणायला ते वस्तीकडे निघाले. शुभंकर नव्याने गोवऱ्या रचायला लागला.