कोरा हातमोजा

“काकू, हा हातमोजा इतका कोरा कसा हो?”

इस्पितळात पुन्हा दाखवायला आलेल्या काकूंना व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी विचारले. शेजारी खुर्चीत काकूंचे यजमान, मिस्त्री, बसले होते. जळालेल्या विजेच्या मोटारींचे वाइंडिंग, म्हणजे तांब्याची तार, नव्याने भरण्यात त्यांची उभी हयात गेली. परंतु पक्षाघाताने उजवा हात लुळा केला आणि केवळ दोन बोटांत किंचित हालचाल शिल्लक ठेवली. धडधाकट डाव्या हातावर मोजा बांधून सारी कामे उजव्याकडूनच करवून घ्यावीत, असे बाईंनी इस्पितळातून सोडतानाच बजावले होते.

“मेंदूतल्या पेशी एकमेकींना धरून वाट पाडतात,” त्या तेव्हा म्हणाल्या होत्या. “काकांची जुनी वाट मोडलीय. हात धडपडेल तशी नवी पडेल. जे रोज घडतं त्याचीच वाट पडते, म्हणून कुणी मदत करायची नाही.”

“म्हणजे माझीच वाइंडिंग भरायची की!” मिस्त्री हसले होते.

पण पहिल्याच दुपारी चमचा पुनःपुन्हा सुटला, अन्न सदऱ्यावर सांडले आणि मिस्त्रींचे डोळे भरून आले. काकूंच्या काळजाचे पाणी झाले. “जळो तो मोजा! मी बसलेय ना अजून?” म्हणत त्यांनी घास भरवला. पुढे रोजच ताटाच्या काठावर चमचा वाजवत भरवला. मोजा कपाटात पडून राहिला.

“मीच भरवते,” काकू आता पुटपुटल्या. “उपाशी कसं ठेवू माणसाला?”

बाई रागावल्या नाहीत, हेच काकूंना अधिक लागले. “सुरुवातीचे महिने मोलाचे होते, काकू. आता होईल ते थोडंच होईल.”

घरी येताच काकूंनी स्वतः मिस्त्रींच्या डाव्या हातावर मोजा बांधला, ताट पुढे ठेवले.

“आज तुम्हीच जेवायचं. मी हात लावणार नाही.”

“सरकार रुसलं वाटतं!”

दोन्ही हात मांड्यांखाली दाबून काकू समोर बसल्या. मिस्त्रींची दोन बोटे थरथरत सरकली आणि चमचा ताटाच्या काठावर वाजला.

तो आवाज होताच मिस्त्रींचे तोंड आपसूक उघडले.

इतक्या महिन्यांत पडलेली वाट ती एवढीच, हे काकूंना उमगले. क्षणभराने मिस्त्रींच्याही ते ध्यानी आले असावे. त्यांनी ओठ मिटले, मान खाली घातली आणि बोटे पुन्हा चमच्याकडे नेली.

मांड्यांखाली काकूंचे हात बधिर होत चालले होते.